मागच्या झांप्याची देवी

परीक्षा आल्या. कॅलेंडर बघावं लागत नाही. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत समोरच्या गच्चीवर सकाळी सहालाच कुणीतरी मुलगी पुस्तक छातीशी धरून फेऱ्या मारायला लागते. ट्यूशन क्लासच्या दाराशी स्कूटरी एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या राहतात. खालच्या मजल्यावरून ‘मोबाइल मूक, मोबाइल मूक’, म्हणजे ठेव खाली, असा एका आईचा धोशा सुरू होतो आणि तो शेवटच्या पेपरापर्यंत थांबत नाही. कडुनिंबाची पिवळी पानं गाड्यांच्या टपांवर पडतात. दुपारची हवा इतकी कोरडी होते की वहीचं पान उलटायला बोट ओलं करावं लागतं.

मार्च म्हटलं की लोकांना मोहोराचा वास येतो, केसुड्याची, म्हणजे पळसाची, फुलं आठवतात, होळी आठवते. मला ओल्या सिमेंटचा वास येतो. आणि त्या सिमेंटच्या खाली, खरं सांगायचं तर, मुताचा. मग जशुभाई आठवतात आणि रक्तदाबाची गोळी घेतलेली असूनही माझं डोकं तापतं.

शिक्षिकेने मनात सूड बाळगू नये म्हणतात. पोरांना क्षमेचे धडे शिकवलेले असतात ना, म्हणून. पण मी नागरिकशास्त्र शिकवत होते. त्यात क्षमेचा धडा नाही.

आमची शाळा बडोद्याच्या जुन्या शहरात होती, घडियाळी पोळेपासून चालत दहा मिनिटांवर. आठवीपर्यंतची, गुजराती माध्यमाची, सरकारी मदतीवर चालणारी. पुढचा झांपा मोठ्या रस्त्यावर आणि मागचा एका अरुंद गल्लीत. झांपा म्हणजे फाटक. पण बडोद्यात जन्म काढलेल्या मराठी माणसाच्या तोंडात फाटक हा शब्द आता बसत नाही. मागची गल्ली सरळ मुसलमान मोहल्ल्यात जायची. तिथल्या मुली मागच्या झांप्याने यायच्या, कारण पुढून यायचं तर बाजाराला वळसा, पानटपऱ्यांचे गल्ले, टवाळांची टोळकी. तो एवढासा लोखंडी झांपा होता म्हणून त्यांचे बाप त्यांना शाळेत धाडत होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण बाप मुलीला गल्लीच्या तोंडाशी सोडून ती आत जाईपर्यंत उभा राहायचा, ते मी वर्गाच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

त्या झांप्यालगतच्या भिंतीशी येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष उभा राहायचा. दिवसाढवळ्या, शाळा भरलेली असताना. मुली ओढणीने नाक दाबून, मान खाली घालून, भिंतीकडे न बघता धावत आत यायच्या. मी वॉर्ड ऑफिसला तीन अर्ज दिले. तिथल्या साहेबांच्या टेबलामागे देवांच्या पाच तसबिरी होत्या आणि सकाळी अगरबत्ती विझेपर्यंत ते फायलीला हात लावत नसत. माझ्या अर्जाला त्यांनी अगरबत्ती विझल्यावरही हात लावला नाही.

शेवटी शाळेत पाणी भरणाऱ्या मंगुबेनने उपाय सांगितला. “बेन, भगवाननी टाइल्स चोंटाडी दो. पछी जुओ, कोई ऊभो रहे छे?” हा उपाय आपल्या देशात कोणाला ठाऊक नाही? जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या थांबवायला देव, भिंतीवर धार थांबवायला देव. जिथे कायदा आणि लाज दोन्ही थकतात तिथे आपण सहा इंची देव चिकटवतो.

जशुभाईंचं टाइल आणि सॅनिटरीचं दुकान होतं. दुकानात डावीकडे कमोड मांडलेले आणि उजवीकडे देव. पांढराशुभ्र सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हसरा चेहरा. काय काम आहे ते ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “लई जाव बेन, पुण्यनुं काम छे.” मी चार टाइल निवडल्या. गणपती, वाघावर बसलेल्या माताजी, मक्केचं चित्र आणि क्रूस. कुणाला वाईट वाटायला नको म्हणून चार. मी मोठी शहाणी.

फागण महिन्यातली सुद पाचम होती, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमी. तिथी मला तेव्हा माहीत नव्हती, नंतर दरवर्षी ऐकून पाठ झाली. परीक्षांसाठी शाळा धुऊन काढायची होती, त्याच गडबडीत मी पदर खोचून स्वतः सिमेंट कालवलं. पाचवीतल्या मुली भोवती जमल्या होत्या. त्यातली शहनाज सर्वांत पुढे, हातात पाण्याचा डबा धरून. “बेन, थोडा और डालूँ?” असं विचारत होती, आणि तिने डबा वाकडा केला म्हणून सिमेंट पातळ झालं. आठ दिवसांत भिंत कोरडी. मुली चालत यायला लागल्या, ओढण्या नाकावरून खांद्यावर आल्या. मी घरी जाऊन अण्णांना, माझ्या वडिलांना, फुशारकीने सांगितलं.

अण्णा रेल्वेत होते. पार्सल ऑफिसात पस्तीस वर्षं. घरून निघताना देवासमोर दोन मिनिटं उभे राहत, पण ऑफिसात त्यांनी कधी तसबीर लावू दिली नाही. दसऱ्याला सहकारी वजनकाट्याला हार घालायचे तेव्हा अण्णा बाहेर उभे राहायचे. नास्तिक मुळीच नव्हते, चतुर्थीचा उपास करायचे. “देव घरी, ड्यूटी ड्यूटीवर,” एवढंच म्हणायचे. “काउंटरवर येणाऱ्या माणसाला आधी आपला देव दिसला तर त्याला वाटतं, पार्सल सोडवायला यालाही नमस्कार करावा लागेल.”

माझी टाइलची गोष्ट ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, “सुधे, तू देवाला मुतारीचा पहारेकरी केलंस.”

मला राग आला. म्हातारा माणूस, त्याला काय जातंय बोलायला! मुलींचा त्रास गेला ना? मी तसं म्हटलंही. अण्णा म्हणाले, “पहारेकरी एकदा बसवला की तो झोपडी मागतो.”

त्यांचे शब्द खरे व्हायला वर्षसुद्धा लागलं नाही. आधी माताजींच्या टाइलवर एक झेंडूचं फूल आलं. मग खाली पणती. मक्केची टाइल एका सकाळी तडकलेली दिसली. दगड कुणी मारला ते कुणी पाहिलं नव्हतं. क्रूस आपोआप गळून पडला, तिथेच सिमेंट पातळ झालं होतं. ती टाइल परत लावायला कुणी आलं नाही आणि मीही गेले नाही, हे इथे लिहून ठेवते. गणपतीवर पत्र्याच्या छपराची पट्टी आली, त्यात तो झाकला गेला. उरल्या माताजी. जशुभाईंनी त्यांना ओटा बांधला, ओट्याला जाळी, जाळीला घंटा. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, ही म्हण मी पोरींना पाठ करायला लावली होती. इथे भटाचा काही दोष नव्हता, ओसरी मीच दिली होती.

आठवीच्या पुस्तकात एक धडा होता. राज्याला स्वतःचा धर्म नसतो, सगळे धर्म त्याच्या लेखी सारखे, असं त्यात होतं. मी तो दरवर्षी शिकवायचे, फळ्यावर मुद्दे लिहून. शहनाज आठवीत आली तेव्हा तिने हात वर केला. “बेन, तो फिर पीछे की दीवार किसकी है? स्कूल की, कि माताजी की?” वर्ग हसला. खिडकीतून घंटा ऐकू येत होती. मी म्हटलं, “बस खाली. हे परीक्षेत विचारत नाहीत.”

चोवीस वर्षं शिकवलं. त्यात सगळ्यात वाईट दिलेलं उत्तर ते.

शहनाज पुढे दुसऱ्या शाळेत गेली, पण दहावीच्या बोर्डाचा नंबर तिचा आमच्याच इमारतीत लागला. नाचत सांगायला आली होती. “अपनी ही स्कूल, बेन! पीछे वाले झांपे से आऊँगी, अब्बू को भी आराम.” तिच्या अब्बूंनी मोठ्या मिनतवारीने तिला दहावीपर्यंत येऊ दिलं होतं. गणितात हुशार होती. अकरावीला सायन्स घ्यायचं, मग नर्सिंग, असं तिचं ठरलं होतं. बापाचं ठरलं नव्हतं. त्याचं सगळं दहावीच्या निकालावर अडलं होतं.

त्याच वर्षी ओट्याचं छप्पर वाढून झांप्याच्या अर्ध्या रुंदीवर आलं. चपला घालून बाया माताजींच्या अंगावरून जातात, अशी कुजबुज सुरू झाली आणि झांप्याला साखळी पडली. आमच्या आचार्यांची, म्हणजे मुख्याध्यापकांची, नोकरी दोन वर्षं उरली होती. ते म्हणाले, आपण कशाला. मग मी स्वतः जशुभाईंकडे गेले. गणिताच्या पेपराच्या दिवशीच पाचम येत होती, म्हणजे मंदिराचा पाटोत्सव, स्थापनेचा वाढदिवस. माझ्या हातून सिमेंट लागलं तोच दिवस. मी म्हटलं, “जशुभाई, बाकी काही मागत नाही. परीक्षेच्या दिवसांत झांपा उघडा ठेवा.”

त्यांनी छातीवर हात ठेवला. “बेन, ए तो मारी जवाबदारी. झांपो खुल्लो ज रहेशे. माताजीना सोगंद.”

माताजींची शपथ घेतली म्हणून मी विश्वास ठेवला. माझ्यातला मूर्खपणा काही कमी नव्हता. मी शहनाजला निरोप दिला, मागूनच ये.

त्या दिवशी मी पर्यवेक्षक होते, पहिल्या मजल्यावरच्या वर्गात. बाकांवर नंबराच्या चिठ्ठ्या लावलेल्या. खिडकीच्या खाली मांडवाचं केशरी कापड, भोंग्यावर आरती, मग गरबा, मग पुन्हा आरती. पेपर वाटून झाले. तिसऱ्या रांगेतलं चौथं बाक रिकामं. पर्यवेक्षकाने वर्ग सोडायचा नसतो. मी त्या बाकाकडे बघत उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. अर्ध्या तासानंतर आलेल्याला आत घेत नाहीत, तसा नियम. नियमाप्रमाणे मी त्या बाकाचा नंबर गैरहजर म्हणून लिहिला. त्या दिवसाचं माझं अक्षर वेडंवाकडं आहे, तो कागद अजून कुठल्या तरी कपाटात असेल.

शहनाज वेळेआधी आली होती. वीस मिनिटं आधी. झांप्याला साखळी होती आणि शेजारी मांडव. बेनने सांगितलंय म्हणून ती थांबली. साखळी हलवली, पत्र्यावर मुठी मारल्या, हाका मारल्या. भोंग्यासमोर कुणाला ऐकू जाणार? आपण निरोप नीट ऐकला नाही की काय, असं वाटून पुन्हा थांबली. आणि मग मिरवणुकीतून, बाजाराला वळसा घालून पुढच्या झांप्याशी पोचली तेव्हा अर्ध्या तासावर पाच मिनिटं उलटून गेली होती. तिच्या तळहाताला गंज लागलेला मी दुसऱ्या दिवशी पाहिला. ती रडत नव्हती. म्हणाली, “आपने कहा था, इसलिए रुकी।”

मी तशीच जशुभाईंच्या दुकानात गेले. ते कुणाला तरी वॉशबेसिन दाखवत होते. माझं सगळं ऐकलं, हळहळल्याचा आवाज काढला. उत्सवाच्या गडबडीत राहून गेलं म्हणाले. आणि मग हे म्हणाले, “आवते वरसे आपशे, बेन. एमां शुं?”

पुढच्या वर्षी देईल. त्यात काय एवढं.

पुढच्या वर्षापर्यंत शहनाजचं लग्न झालं होतं. ज्या शाळेचं दार आपल्या मुलीला उघडत नाही तिथे पुन्हा कशाला पाठवायची, असं तिचे अब्बू म्हणाले.

मग माझा काळ सुरू झाला, अर्जांचा. सहा वर्षं. झांपा उघडा, एवढीच मागणी. सरकारी मदतीवरच्या शाळेचा झांपा. वॉर्ड ऑफिसातले साहेब बदलत गेले, टेबलामागच्या तसबिरी बदलल्या नाहीत. शेवटच्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. मंदिराच्या खांबावर संगमरवरी पाटी होती. ‘स्थापक : सुधाबेन, शिक्षिका’. मी त्या गल्लीत पाऊल टाकणं सोडलं होतं, मला ठाऊकच नव्हतं.

“बेन, आ तो तमारुं ज मंदिर छे ने?” साहेब हसत म्हणाले. “अने तमे ज अरजी करो छो? धर्मनो मामलो, अमाराथी हाथ ना नखाय.” त्यांना यात हात घालता येत नाही म्हणे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, संगमरवरात कोरलेलं. माझ्या अर्जाला कायमची पाचर जशुभाईंनी माझ्याच नावाची मारली होती, आणि वर माझा मान केला होता. त्या दिवशी रिक्षात बसले तेव्हा माझे दात एकमेकांवर घासत होते. मला झांपा हवा होता, हे खरं. पण त्याहून जास्त मला तो माणूस खाली मान घातलेला बघायचा होता. हे मी स्वतःशी पहिल्यांदा त्या रिक्षात कबूल केलं.

निवृत्त झाल्यावर पुढच्याच पाचमीला मी पाटोत्सवाला गेले. दरवर्षी आमंत्रण यायचं, स्थापक म्हणून. पहिल्यांदाच गेले. काठपदराचं हिरवं नेसले, हातभर बांगड्या घातल्या, नाकात नथ घातली. मांडवात बायकांनी वाट करून दिली, दोघीतिघी पाया पडल्या. जशुभाई यजमान म्हणून होमाशी बसले होते, खांद्यावर लाल उपरणं. त्यांनी मोठ्या कौतुकाने माइक माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, माताजी माझ्या स्वप्नात आल्या.

होमातलं तूप चरचरताना ऐकू आलं. मी पुढे म्हटलं, गुजरातीतच म्हटलं, “माताजीए कीधुं, सुधा, मारी दीकरीओनो रस्तो बंध छे. हुं केवी रीते सूई जाउं? झांपो खोलो.” माझ्या लेकींचा रस्ता बंद, मी झोपू कशी, असं. एक बाई घुमायला लागली. मग दुसरी. ‘माताजीनी जय’ असा घोष उठला. सगळी डोकी जशुभाईंकडे वळली, कारण किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या.

होमावरून उठून ते झांप्याशी गेले. कुलूप गंजलेलं. किल्ली फिरेना. कुणीतरी हातोडी आणून दिली. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला तो माणूस गुडघ्यावर बसला आणि घामाघूम होऊन साखळीवर घाव घालत राहिला. पाचशे माणसं बघत होती. चौदाव्या घावाला साखळी तुटली. मी मोजत होते. मला आनंद झाला, इतका की बांगड्या आपोआप किणकिणत होत्या. खोटं कशाला बोलू?

पुढच्याच आठवड्यात मुली मागून यायला लागल्या. झांप्यावर नवी पाटी लागली, ‘माताजीना आदेशथी आ झांपो खुल्लो छे’. ती वाचली आणि माझा आनंद अर्धा झाला. अर्जाने उघडला असता तर तो झांपा हक्काचा झाला असता. आता तो स्वप्नाने उघडलेला. उद्या दुसऱ्या कुणाला दुसरं स्वप्न पडलं की बंद. मुलींच्या रस्त्याला कायद्याचं कुलूप नाही की किल्ली नाही, एका निवृत्त मास्तरणीची थाप आहे फक्त. घरी अण्णांच्या फोटोकडे मी आठ दिवस पाहिलं नाही. ते असते तर म्हणाले असते, आता देवाला साक्षीदारही केलंस, तोही खोटा.

त्यानंतर एकदा मंगळ बाजारात शहनाज भेटली. कडेवर मुलगी, हातात अस्तराच्या कापडाची पिशवी, घरी शिवणकाम करते. स्वप्नाची गोष्ट मोहल्ल्यातही पोचली होती. ती हसली, तशीच पूर्वीसारखी, पुढचे दोन दात दाखवत. “बेन, सपना सच्ची में आया था?”

मी तिच्या हातातल्या पिशवीकडे बघायला लागले. तिला काय ते समजलं. मुलीचं झबलं सारखं करत ती म्हणाली, “तो मेरे टाइम पे क्यों नहीं आया?”

ती आरोप करत नव्हती. गणितातली पायरी सुटली की विचारायची तसं विचारत होती. आणि मला खरंच सुचलं नव्हतं गं, तेव्हा मी कायद्यावर विश्वास ठेवून अर्ज लिहीत बसले होते, हे उत्तर त्या बाजारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. मी तिच्या मुलीच्या गालाला हात लावला आणि निघाले.

जशुभाईंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ते घाबरले. माताजी आपल्याला सोडून या बाईच्या स्वप्नात गेल्या, हे त्यांना झोंबलं असेल. आधी बायपास झाली, मग गुडघे गेले, धाकट्या मुलाने दुकान विकून कॅनडा गाठलं. दरवर्षी पाटोत्सवाच्या सकाळी ते आमचे तीन मजले चढून येतात, प्रसादाचं निमित्त करून. सोफ्याच्या कडेवर बसतात आणि विचारतात, “बेन, माताजीए मारा विशे कंई कीधुं?”

मी दरवर्षी सांगते, “हजी नथी कीधुं.”

नाही म्हटलं असतं तर ते निर्धास्त झाले असते. हो म्हटलं तर काय ते सांगावं लागलं असतं. ‘अजून नाही’ हे दोन शब्द मी वर्षभर जपून ठेवते. ते भीत आहेत तोवर झांपा उघडा आहे, असंही मी स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे. पण त्यांचा चेहरा उतरतो तो मला बघायचा असतो, हे जास्त खरं.

यंदाही आले. आजच सकाळी. साडेनवाला मुहूर्त, त्यांच्या हस्ते पहिली आहुती, आणि साडेआठला माझ्या दारात धापा टाकत उभे. पांढरा सदरा आता अंगाला मोठा होतो. मी पाणी दिलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला. यंदा मला काय झालं कोण जाणे, गच्चीवरची ती मुलगी सकाळपासून भूमितीची प्रमेयं घोकत होती, तिचा आवाज आत येत होता. मी म्हटलं, “कीधुं नथी. पण पूछे छे.”

त्यांचा पेला हातातच राहिला. “शुं पूछे छे?”

“के ए दिवसे झांपो केम बंध हतो.”

जशुभाईंनी माझ्याकडे पाहिलं. लपवाछपवी नव्हती त्या नजरेत. आठवायचा प्रयत्न करत होते, मनापासून, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, “कया दिवसे, बेन?”

कुठल्या दिवशी.

इतकी वर्षं मी ज्या माणसाचा सूड जपला, त्याला तो दिवसच आठवत नव्हता. घावावर घाव घातले तेव्हाही तो कशाची शिक्षा भोगतोय ते त्याला माहीत नव्हतं.

मी उठले, दाराला कडी लावली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. कडी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती, पण माताजींचा निरोप अर्धा टाकून उठायची त्यांची छाती नव्हती. मी पहिल्यापासून सांगायला लागले. चार टाइल. पाण्याचा डबा. तिसऱ्या रांगेतलं चौथं बाक. तळहाताचा गंज. सावकाश सांगत होते, वर्गात मंद मुलाला सांगतात तसं. प्रत्येक थोड्या वेळाने विचारत होते, “नाम शुं हतुं?” आणि ते “शहनाज” म्हणेपर्यंत पुढे जात नव्हते.

त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. मांडवातून बोलावणं. थांबला, पुन्हा वाजला. त्यांचा हात खिशाकडे गेला तेव्हा मी म्हटलं, “रहेवा दो. वाजून वाजून थांबेल.” ते घड्याळाकडे बघत होते. मीही बघत होते. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. दया येईल असं मला मध्येच वाटलं होतं. आली नाही. दहा वाजता माझी गोष्ट संपली. मुहूर्त टळून बरोबर अर्धा तास झाला होता.

मी उठून कडी काढली. सोफ्याच्या हाताला धरून ते उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, शहनाजसाठी की आहुतीसाठी ते मी विचारलं नाही.

“मुहूर्त नीकळी गयुं, बेन,” ते म्हणाले.

मी दार पूर्ण उघडलं.

“आवते वरसे आवशे, जशुभाई. एमां शुं?”